पिवळा, निळा, जांभळा आणि पोटखराबा

जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर माणूस प्रत्यक्षात काय करीत आहे, या प्रश्नाच्या उत्तराला नगररचनाशास्त्रात 'भूवापर' म्हणतात. त्याच तुकड्यावर त्याने पुढील वीस वर्षे काय करावे हे आधीच ठरवून कागदावर रंगवून ठेवण्याला 'भूवापर नियोजन' अशी संज्ञा आहे. आणि हे रंगकाम करण्यासाठी ज्याला पगार मिळतो, परंतु ज्याच्या रंगाप्रमाणे सहसा कोणी वागत नाही, त्या इसमास नगररचनाकार म्हणतात. ही व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या शब्दांत आढळणार नाही, कारण पाठ्यपुस्तके नोकरीला लागण्यापूर्वी वाचायची असतात. या व्यवसायाचा सगळा डोलारा एका साध्या गृहीतकावर उभा आहे: एका जागेला एक वापर असतो आणि एका वापराला एक रंग. हे गृहीतक ज्याने प्रथम मांडले त्याने महाराष्ट्रातील एकही बोळ पाहिला नसावा.

समाजात या व्यवसायाची ओळख हळूहळू पटते. लग्न जमविण्याच्या बैठकीत मुलगा टाउन प्लॅनर आहे असे सांगितले की समोरची मंडळी प्रथम त्याला आर्किटेक्ट समजून स्वयंपाकघर पूर्वेला घेता येईल का असे विचारतात. तसे नसल्याचे कळल्यावर इंजिनिअर समजून रखडलेल्या उड्डाणपुलाचा जाब विचारतात. अलीकडे तर 'प्लॅनर' एवढाच शब्द ऐकून मांडव आणि केटरिंगचे दर विचारणारेही भेटतात. मात्र कोणत्या गावाचा कोणता गट शेतीतून निवासी विभागात जाणार हे या मुलाला ठाऊक असू शकते, अशी कुणकुण लागताच चुलत-मावस नाती सख्खी होतात आणि माणसे बारशालासुद्धा खिशात सातबारा घेऊन येऊ लागतात. तो उतारा त्याच्यापुढे ज्या भक्तिभावाने उलगडला जातो, त्या भावाने पूर्वी जन्मपत्रिका उलगडली जात असे, आणि प्रश्नही तेच असतात: योग केव्हा आहे, आडवा कोण आहे, आणि काही शांत वगैरे करता येईल काय. ज्योतिषी उपाय सांगतो आणि दक्षिणा घेतो; नगररचनाकाराला कलम सांगावे लागते, आणि कलम ऐकून कोणी दक्षिणा देत नाही. (दिलीच, तर तो विषय लाचलुचपत प्रतिबंधक खात्याकडे जातो, या खात्याच्या कार्यालयाचा भूवापर 'सार्वजनिक-निमसार्वजनिक' असून तो नकाशावर लाल रंगात दाखवितात.)

वस्तुतः भूवापराची कल्पना मराठी माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नव्हती. जिरायत, बागायत, वरकस, गायरान, गावठाण हे सगळे शब्द जमीन कशासाठी आहे हेच सांगतात, आणि ज्या भागातून काहीच निघत नाही, जेथे खडक आहे, ओढा आहे किंवा नुसतीच वाट आहे, त्यालाही 'पोटखराबा' असे घरगुती, किंचित वैद्यकीय वाटणारे नाव दिलेले आहे. सातबारा या शब्दातील सात म्हणजे जमीन कोणाची हे सांगणारा गाव नमुना ७, आणि बारा म्हणजे तिच्यात पीक कोणते हे सांगणारा गाव नमुना १२. अर्थात मालकी आणि वापर यांचे लग्न एकाच कागदावर लावण्याची व्यवस्था नगररचनाकार जन्माला येण्याआधीच झालेली होती. हे लग्न कितपत टिकले हा वेगळा प्रश्न आहे, कारण शहराच्या वेशीवरील कित्येक उताऱ्यांत पिकाच्या रकान्यात गवत उगवलेले असते आणि प्रत्यक्ष जागेवर मंगल कार्यालय.

आधुनिक नगररचना मात्र या प्रांतात प्लेगच्या पाठोपाठ आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि उंदरांनी सुरू केलेले विस्थापनाचे काम अभियंत्यांनी पुढे चालविले: दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. १९१४ मध्ये सरकारच्या सल्लागार सर्वेक्षकाचे कार्यालय निघाले, ज्याचे वंशज म्हणजे पुण्याच्या सेंट्रल बिल्डिंगमधील आजचे नगररचना संचालनालय. आणि १९१५ मध्ये मुंबईचा नगररचना कायदा झाला. त्यातून 'नगररचना योजना' हा प्रकार रूढ झाला, म्हणजे अनेकांची वेडीवाकडी शेते एकत्र करायची, त्यातून रस्ते आणि मैदाने काढून घ्यायची, आणि उरलेली जमीन सरळ कडांच्या तुकड्यांत त्याच लोकांना परत वाटायची. ज्या तुकड्यासह माणूस योजनेत शिरतो त्याला 'मूळ खंड' आणि ज्यासह बाहेर पडतो त्याला 'अंतिम खंड' म्हणतात. मधल्या अवस्थेला कायद्याने नाव दिलेले नाही, जरी काही घराण्यांनी दोन पिढ्या त्याच अवस्थेत काढल्या असल्या तरी. वांद्रे आणि सांताक्रूझच्या पत्त्यांत दिसणारी 'टीपीएस' ही अक्षरे या योजनांचीच खूण आहे, हे तेथील फार थोड्या रहिवाशांना ठाऊक असते. उरलेल्यांना ती एखाद्या कुरिअर कंपनीची वाटतात.

त्याच १९१४ मध्ये पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले स्कॉटिश गृहस्थ शहरांविषयीचे आपले मोठे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानाकडे निघाले. गेडिस सुखरूप पोहोचले. नकाशे आणि चित्रे ज्या जहाजावर होती ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. म्हणजे या देशात येऊ घातलेला नगररचनेचा एक थोर नकाशासंग्रह अंमलबजावणीपूर्वीच पाण्यात गेला. नंतरच्या नकाशांना त्यासाठी युद्धनौकेची गरज भासली नाही. गेडिस यांनी खचून न जाता दुसरे प्रदर्शन उभे केले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विषय शिकविण्यास सुरुवात केली, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांतून गो. स. घुर्ये निघाले, जे पुढे नगरांपेक्षा जातींचे अभ्यासक म्हणून गाजले. महाराष्ट्रात भूवापर समजून घ्यायचा असेल तर हा क्रम अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. होळकरांच्या इंदुरासाठी गेडिस यांनी १९१८ मध्ये अहवाल दिला, परंतु तेथे ते लक्षात राहिले ते दुसऱ्याच कारणाने: एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार घेऊन त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली, जिच्यात प्लेगचा प्रचंड उंदीर आणि घाणीचा राक्षस मिरविण्यात आला, आणि जी आळी सर्वांत स्वच्छ तिच्यातून मिरवणूक जाईल असे जाहीर केल्यामुळे गाव आपोआप झाडून निघाले. एक दिवस राजा होण्याची ही सोय नंतरच्या कोणत्याही सेवाशर्तींत समाविष्ट करण्यात आली नाही, ही या संवर्गाची जुनी खंत आहे.

गेडिस यांचा आग्रह असा, की आधी शहराची नीट पाहणी करावी आणि मगच त्याला हात लावावा. रोग्याची नाडी न पाहता काढा देऊ नये, इतकेच हे तत्त्व आहे, आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमही विकास आराखड्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करावा असे सांगतो. दुसऱ्या बाजूने वापर वेगवेगळे ठेवण्याच्या विचाराला अमेरिकेत बळ मिळाले. तेथील ओहायो राज्यातील युक्लिड या गावाने कारखाने आणि घरे यांच्यासाठी स्वतंत्र विभाग पाडले, एका जमीनमालक कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला, आणि १९२६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. तेव्हापासून अशा विभागणीला 'युक्लिडीय' म्हणतात. विद्यार्थ्यांची पहिली समजूत अशी होते की हा भूमितीतील युक्लिड असावा, आणि शिक्षक ती समजूत तत्परतेने दुरुस्त करतात. परंतु त्या गावाचे नाव मोजणीदारांनी भूमितीकार युक्लिडच्याच नावावरून ठेवले होते, हे शिक्षकांनाही बहुधा ठाऊक नसते. तात्पर्य, समांतर रेषा एकमेकींना कधीही भेटत नाहीत हा सिद्धान्त ज्याच्या नावाशी जोडलेला आहे, त्याच्याच नावाने घर आणि दुकान एकमेकांना भेटू नयेत असा नियम जगभर पसरला, आणि फिरत फिरत तो पुण्याच्या पेठांत येऊन पोहोचला.

पेठेत त्याचे काय झाले हे पाहण्यासाठी नवशिक्या नगररचनाकाराच्या पाठोपाठ जाणे आवश्यक आहे. आवश्यक ते शिक्षण घेऊन, भरतीची परीक्षा पार करून तो 'रचना सहायक' म्हणून रुजू होतो. या पदनामामुळे घरी येणारी पत्रे कधीकधी रचना नावाच्या मुलीच्या मदतनिसाला उद्देशून असल्यासारखी वाचली जातात, पण ते असो. प्रशिक्षणात त्याला रंगांची बाराखडी शिकविलेली असते: निवासी पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, सार्वजनिक लाल, मैदाने, बागा आणि शेती हिरव्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत. हाती नकाशा आणि प्रपत्र देऊन त्याला पाहणीसाठी पाठवितात, आणि पहिल्याच वाड्यापाशी त्याची बाराखडी संपते. तळमजल्यावर पुढे पिठाची गिरणी आहे, तिच्या कुशीत झेरॉक्सचे दुकान आहे, मागच्या दोन खोल्यांत मालकांचे वडील राहतात आणि मधल्या चौकात गिरणीचे दळण ठेवलेले असते. माडीवर सकाळी दहावीचे गणिताचे वर्ग, दुपारी शिवणकाम आणि संध्याकाळी भजनी मंडळ असते. गच्चीवर चैत्र-वैशाखात कुरडया आणि इतर ऋतूंत मोबाइलचा मनोरा असतो. जिन्याखाली चहावाला आहे, जो भाडे देत नाही पण सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळतो. दाराशी रात्री वडापावची हातगाडी लागते. आणि भाद्रपदात दहा दिवस या सगळ्यासमोर मंडप पडून समोरचा रस्ता हाच सार्वजनिक-निमसार्वजनिक होतो. प्रपत्रात 'वापर' या शब्दापुढे एकच चौकट आहे.

शास्त्रात यावर 'मिश्र वापर' नावाची पळवाट आहे, आणि ती नकाशावर तिरक्या रेघांनी दाखवितात. परंतु मिश्र वापर म्हणजे खाली दुकान आणि वर घर एवढीच शास्त्राची मजल. या वाड्याचा वापर घटकेगणिक बदलतो, तेव्हा त्याला रंग देण्याऐवजी रोजचे पंचांगच छापावे लागेल, हे नवशिक्याला कळते. वरिष्ठांना ते केव्हाच कळलेले असते आणि म्हणूनच ते कार्यालयात बसतात.

त्यातच पाहणी करणाऱ्याला खरी माहिती मिळावी अशी कोणतीही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही. हातात वही घेऊन दारात उभा राहिलेला माणूस कोण आहे यावर उत्तर अवलंबून असते. तो घरपट्टीवाला वाटला तर गिरणी चार वर्षे बंद आहे असे सांगितले जाते आणि तिचा आवाज कमी करण्यासाठी आतून कोणीतरी धावते. रस्तारुंदीच्या भरपाईसाठी आला असावा अशी शंका आली तर वडिलांच्या खोलीतही 'आमचे गोडाऊन आहे' असे समजते. आणि तो मतदारयादीवाला वाटला तर सुरतेला गेलेल्या दोन भावांचीही उपस्थिती नोंदवून घेतली जाते. खरे उत्तर फक्त चहावाला देऊ शकतो, पण तो अनधिकृत असल्यामुळे प्रपत्रात त्याची दखल नाही. सायंकाळी नवशिका कार्यालयात परततो आणि वाडा पिवळा रंगवितो. अशा हजार पिवळ्या घरांची बेरीज होऊन शहराला अजून किती दुकाने लागतील याचे गणित मांडले जाते.

पाहणीनंतर प्रत्यक्ष आराखडा आखण्याचे काम येते, आणि तेथे पेन्सिलीच्या टोकाला अनपेक्षित महत्त्व प्राप्त होते. १:४००० या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. त्यामुळे शिसे बोथट झाले तर एखाद्याची न्हाणी जाते, आणि चष्म्याचा नंबर वाढला तर ओटा. आता संगणकावर भौगोलिक माहिती प्रणालीत रेषा काढतात, तिला जाडीच नसते, आणि म्हणून ती नेमकी कोणाच्या भिंतीवरून गेली हे आता बोथट पेन्सिलीवर ढकलता येत नाही. पूर्वी कापडावर उतरविलेल्या नकाशाला हवामानाप्रमाणे आकसण्या-पसरण्याचा गुण होता; जुन्या पिढीतील अधिकारी या गुणाचा उल्लेख कृतज्ञतेने करतात.

आराखड्याचा आत्मा म्हणजे 'आरक्षण'. शाळा, बाग, मैदान, दवाखाना, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कामांसाठी खाजगी जमीन राखून ठेवणे, असा याचा अर्थ. महाराष्ट्रात हा शब्द तीन ठिकाणी आढळतो: रेल्वेत, नोकरीत आणि जमिनीत, पैकी पहिल्या दोन ठिकाणी ते मिळावे म्हणून माणसे आयुष्य वेचतात आणि तिसऱ्या ठिकाणी ते उठावे म्हणून. आरक्षणाच्या तत्त्वाला कोणाचाही विरोध नसतो. शहराला स्मशानभूमी हवी, यावर सर्वांचे एकमत आहे. ती पलीकडच्या सर्व्हे नंबरमध्ये हवी, यावरही एकमत आहे. आणि पलीकडच्या सर्व्हे नंबरचा मालकही याच मताचा असून त्याचा पलीकडचा वेगळा आहे. या एकमताचा पाठपुरावा करीत गेल्यास स्मशानभूमी हद्दीबाहेर जाते, मग ती हद्द वाढते, आणि पुढच्या आराखड्यात तीच जागा 'रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटांवर' होते.

ही मते ऐकण्यासाठी कायद्याने 'हरकती व सूचना' आणि त्यावरील सुनावणी यांची सोय केली आहे. नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात, आणि त्यांच्यासमोर एकेक नागरिक काही मिनिटे उभा राहून आपले म्हणणे मांडतो. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर ६० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. एवढ्या कागदांत एकाच मजकुराच्या झेरॉक्स प्रती पुष्कळ असणार हे उघड आहे. सोसायटीच्या सूचनाफलकाजवळ गठ्ठा ठेवलेला असतो, त्यावर फक्त नाव आणि सदनिका क्रमांक भरायचा असतो, आणि काही उत्साही सभासद 'येथे आपले नाव लिहावे' हे वाक्यही तसेच ठेवून सही करतात. सुनावणीत 'सूचना' या शब्दाची फारशी गरज भासत नाही. आपल्या शेतावर बाग नको असे सांगायला आलेला शेतकरी, आपल्या खिडकीसमोर बागच हवी असे सांगायला आलेला त्याचा शेजारी, आणि या दोघांचाही वकील एकच, असा योग जुळून येतो तेव्हा तज्ज्ञ सदस्य चहा मागवितात. नगररचनाकार कोपऱ्यात बसून शेरे लिहीत असतो, आणि तीस वर्षांच्या सेवेत त्याला जे काही मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते ते बहुतांशी येथेच होते.

मुंबईचा तो २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांच्या तक्रारींमुळे दोन महिन्यांतच मुख्यमंत्र्यांनी दुरुस्तीसाठी परत पाठविला, सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. आराखडा मात्र २०१४ ते २०३४ या काळाचा होता. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळाचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे त्याच्या आयुष्याचा बरोबर अर्धा भाग मंजुरीच्या प्रतीक्षेत गेला. मराठी व्याकरणात यासाठी स्वतंत्र काळ सांगितलेला नाही: पाहणी वर्तमानकाळात होते, आखणी भविष्यकाळात होते, मंजुरी मिळते तेव्हा अर्धा भविष्यकाळ भूतकाळात जमा झालेला असतो, आणि उरलेल्या भागाला पूर्वी शाळेत 'संकेतार्थ' म्हणत असत, कारण त्यातील प्रत्येक वाक्य 'निधी मिळाला असता तर' असे सुरू होते. शहर या काळात थांबून राहत नाही. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशा तुकड्यांनी सौदे होतात, घरे उठतात, वीज येते, नगरसेवक निवडून येतो, आणि या सर्वाला नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तेथे नगररचनाकाराचे काम जन्मानंतर कुंडली मांडणाऱ्या भटजीसारखे असते.

मंजूर आराखडा अढळ नसतो, किंबहुना त्याचे सर्वांत बारकाईने वाचन त्याला बदलू इच्छिणारेच करतात. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली होणाऱ्या बदलाला 'किरकोळ फेरबदल' म्हणतात. मंडईत किरकोळ आणि घाऊक यांच्या भावात फरक असतो हे सर्वांना ठाऊक आहे. नगररचनेत फेरबदल किरकोळ असतो आणि भाव घाऊक. कलम १२७ असे सांगते की आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत राखीव जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने सूचना द्यावी, आणि त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत तर आरक्षण 'व्यपगत', म्हणजे आपोआप रद्द, होईल. हा शब्द सुशिक्षितांनाही नीट उच्चारता येत नाही. परंतु ज्यांची जमीन अडकली आहे असे निरक्षर गृहस्थही तो वेदमंत्रासारखा शुद्ध म्हणतात.

भूखंडावर किती बांधता येईल हे सांगणाऱ्या गुणोत्तराचे मराठी नाव 'चटई क्षेत्र निर्देशांक' असे आहे, म्हणजे सर्व मजल्यांच्या क्षेत्राची बेरीज भागिले भूखंडाचे क्षेत्र. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत हा निर्देशांक बेटावरच्या शहरात १.३३ आणि उपनगरांत साधारणपणे १ होता. चटई हा शब्द कोणा साध्यासुध्या, जमिनीवर बसून जेवणाऱ्या अनुवादकाने योजला असावा. आज त्याच्या निर्देशांकातील दशांशासाठी मंत्रालयाचे जिने झिजतात, आणि जो खरोखर चटईवर झोपतो त्याला यातील एक चौरस फूटही परवडत नाही. त्याच नियमावलीने 'हस्तांतरणीय विकास हक्क' आणला: मालकाने राखीव जमीन फुकट द्यावी आणि मोबदल्यात दुसरीकडे जास्तीचे मजले चढविण्याचा हक्क घ्यावा, किंवा तो विकावा. हा हक्क त्याच वॉर्डात नाहीतर उत्तरेकडेच वापरावा असा तेव्हा दंडक होता; त्यामुळे दक्षिणेकडच्या जमिनीतून निघालेला हक्क प्रवास करीत उत्तरेकडच्या कोणाच्या तरी डोक्यावर सहावा आणि सातवा मजला होऊन उगवत असे. यमाची दिशा दक्षिण मानणाऱ्या समाजात जमिनीने देह ठेवल्यावर उत्तरेकडे प्रस्थान ठेवावे, ही कल्पना कोणत्याही पुराणात नाही.

गोव्यात हा विषय अधिक कोमलपणे हाताळला जातो. तेथे २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ च्या आरंभी सरकारला रद्दच करावा लागला होता, हा अनुभव असल्याने पुढे अखंड आराखडा बदलण्याऐवजी तेथील नगररचना कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले, ज्याचा हेतू आराखड्यात 'अनवधानाने' राहिलेल्या चुका दुरुस्त करणे हा होता. या चुका बहुधा बागायतीच्या आणि शेतीच्या रंगांतच का व्हाव्यात, आणि वस्तीचा रंग देताना त्याच अधिकाऱ्याचे अवधान इतके पक्के कसे राहावे, यावर मानसशास्त्रीय संशोधनास वाव आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मात्र संशोधनाची वाट न पाहता मार्च २०२५ मध्ये या कलमाखालील नियम रद्द केले.

असा सर्व प्रवास करीत, सहायक नगररचनाकार, नगररचनाकार, सहायक संचालक अशी बिरुदे धारण करीत, आणि बदलीच्या प्रत्येक गावी आधीच्या अधिकाऱ्याने रंगविलेले निस्तरीत हा मनुष्य वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. या अवधीत त्याने तीन-चार शहरांच्या भविष्याला हातभार लावलेला असतो, पण त्यांपैकी एकही भविष्य त्याच्या सेवाकाळात आलेले नसते. जमिनीचे एवढे ज्ञान असूनही त्याने स्वतःसाठी योग्य वेळी जमीन घेतलेली नसते, हे नातेवाइकांना पटत नाही. प्रामाणिकपणा हे कारण त्यांना क्षुल्लक वाटते. तो बहुधा एखाद्या मध्यम सोसायटीत राहतो, जिला भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यास विलंब झालेला असतो आणि त्याबद्दल वार्षिक सभेत सभासद त्याच्याकडेच पाहतात. निवृत्तीनंतर काही जण सल्लागार होतात, म्हणजे जी फाइल त्यांनी अकरा वर्षे अडविली तीच कशी सोडवावी हे सांगतात. बाकीचे सकाळी फिरायला जातात, आणि फिरताना डावीकडचा रस्ता आराखड्यात २४ मीटरचा असल्याचे सोबत्यांना सांगतात. सोबत्यांना तेथे पानटपरी दिसते.

मग एखाद्या दुपारी दार वाजते. नव्या आराखड्यासाठी विद्यमान भूवापराची पाहणी सुरू झालेली असते, आणि गळ्यात ओळखपत्र व हातात टॅब घेतलेली पंचविशीतली मुलगी विचारते, "काका, या जागेचा वापर काय?" आत ओट्यावर काकूंचे पोळी-भाजी केंद्र चालू असते, तीन डबे भरून तयार असतात आणि चौथ्यासाठी कणीक मळली जात असते, बैठकीच्या खोलीत सुनेचे बालनृत्याचे वर्ग सुटण्याच्या बेतात असतात, मुलगा आतल्या खोलीतून बंगळुरूच्या कंपनीचे काम करीत असतो, आणि गच्चीवर कुरडया असतात. काका क्षणभर तिच्या टॅबकडे पाहतात. पडद्यावर एकच चौकट आहे. "निवासी," ते म्हणतात. मुलगी दाराजवळच्या 'घरगुती पोळ्या मिळतील' या पाटीकडे पाहते, मग त्यांच्याकडे पाहते, आणि पिवळा रंग निवडून भावाची चौकशी करते. काकू आतूनच सांगतात, की दहा घेतल्या तर दोन रुपये कमी होतील.